इकोशिवाय कृष्णनाथ

शंभू केबलवाल्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते धारगळच्या चौसष्ट घरांत शिरल्याशिवाय राहत नसे. चौसष्ट, कारण तेवढीच कनेक्शनं त्याच्याकडे होती. अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात त्याच्या डोक्यात जे शिरलं ते परदेशी गाण्यांच्या चॅनेलवरून आलं, आणि ताप झाला तो विनोदिनीला. बिचारीला त्या चॅनेलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्या चॅनेलवर म्हणे मोठमोठे रॉकवाले यायचे. एरवी स्टेजवर उड्या मारणारे, गिटारी आपटणारे, केस पिंजारलेले. पण या एका कार्यक्रमात ते शहाण्या मुलांसारखे स्टुलावर बसत. लाकडी गिटार, मेणबत्त्या, भोवती मांडी घालून बसलेली माणसं. विजेवर चालणारं एकही वाद्य नाही, आवाजाला मशीनचा मसाला नाही. जसा गळा तसं गाणं, आणि ते सगळं जग बघतंय. शंभूने हे तीन-चार वेळा पाहिलं आणि त्याची झोप उडाली. आपल्या केबलवर असा कार्यक्रम का होऊ नये? आणि धारगळात गायक म्हटला की दुसरं नाव कोण घेणार? विनोदिनीचा नवरा, कृष्णनाथ.

कृष्णनाथ दिवसा पेडण्याच्या शेती खात्यात हेडक्लार्क होता. जत्रांच्या दिवसांत आणि लग्नसराईत तो काळा चकचकीत कोट चढवून ऑर्केस्ट्राचा मुख्य गायक व्हायचा. बावीस वर्षं हे चाललं होतं. हरमलपासून डिचोलीपर्यंत फलकावर त्याचं नाव लागलं की माणसं चटई घेऊन आधी जागा धरायची. घरी मात्र या माणसाला साधा बल्ब बदलायचा असला तरी तीनदा सांगावं लागे.

आता जे सांगायचं आहे ते तेव्हा फक्त दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि तिला. वर्षभरापूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली होती. पणजीच्या डॉक्टरने बजावलं, सहा महिने गाणं बंद, बोलणंसुद्धा जेवढ्यास तेवढं. कृष्णनाथाने सहा दिवस पाळलं. त्या सहा दिवसांत न बोलता त्याने विनोदिनीच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे जिऱ्याच्या जागी मेथ्या आणि साखरेच्या जागी रवा आला. सातव्या दिवशी सुर्ल्याला कार्यक्रम होता, तिथे गेला आणि गायला. तेव्हापासून वरचा सा लावताना आवाज फाटायचा. लोकांना कळलं नाही, कारण इको मशीन होतं. गायकाचा एक शब्द त्या मशीनमधून तीनदा येतो, आणि पहिला फाटका असला तरी मागचे दोन त्याच्यावर पांघरूण घालतात. साउंडवाल्याला वाटे, साहेब हौसेने इको वाढवायला सांगतात.

"ज्या दिवशी लोकांसमोर आवाज फाटेल," तो तिला म्हणाला होता, "त्या दिवशी माईक खाली ठेवीन, तो कायमचा."

आणि तो ठेवील हे विनोदिनीला पक्कं माहीत होतं. या माणसाला बाकी कशाची हौस नव्हती. पत्ते नाहीत, पिणं नाही, राजकारण नाही. गाणं गेलं तर तो उरलेलं आयुष्य डबे लावत बसेल आणि आतल्या आत वाळत जाईल, हे तिला दिसत होतं. म्हणून ती वर्षभर एकच सांगत होती, पट्टी उतरवा. काळी चारात गाता ते काळी एकात गा. आवाज खाली किती गोड आहे तुमचा.

"लोक म्हणतील म्हातारा झाला."

"शेहेचाळीस वर्षांचे आहात. लोकांनी काय कुक्कुलं बाळ म्हणायचं?"

पण ऐकेल तर तो कृष्णनाथ कसला! बायकोने सांगितलेलं पहिल्या फटक्यात मानलं तर कोटाची चकाकी जाते अशी त्याची समजूत असावी.

शंभूने घाव नेमक्या जागी घातला. चहाच्या हॉटेलात, दहा माणसांदेखत त्याने विचारलं, "कृष्णनाथबाब, इको नसेल हां. नुसता गळा. जमेल ना?" दहा माणसं भजी खायची थांबली. आता अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणेल? बघतो, विचार करतो, घरी विचारतो. हा म्हणाला, "माका काय विचारतोस? तारीख लाव."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा विनोदिनी मासे साफ करत होती. तिने विळी आडवी केली आणि कपाळाला हात लावला, खवल्यांसकट.

"अहो, ताप आला म्हणा. गेलाबाजार जुलाब लागले म्हणा."

"दहा माणसांत शब्द दिलाय."

"आणि चौसष्ट घरांत फजिती करून घ्याल त्याचं काय?"

तो न्हाणीत गेला आणि दार लावून आलाप घ्यायला लागला. पुढचे आठ दिवस हेच. न्हाणीत का, तर न्हाणीत आवाज घुमतो. म्हणजे इकोशिवाय गाण्याची तयारी हा गृहस्थ इकोत करत होता! बाहेर विनोदिनी बादली घेऊन उभी, आत हंड्यातलं पाणी उकळून निम्मं झालेलं, आणि हा वरच्या 'सा'ला धडका मारतोय. चार वेळांपैकी दोनदा लागे, दोनदा फाटे. फाटला की आत एकदम शांतता, मग तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज, जसं काही आंघोळच चालू होती.

तिकडे शंभूचा वेगळाच गोंधळ. त्याच्या माडीवर, केबलच्या खोलीला लागून जी लांब खोली होती, तिथे कार्यक्रम ठरला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता. हरमलच्या किनाऱ्यावरच्या एका शॅकमधून, म्हणजे झावळ्यांच्या हॉटेलातून, त्याने तीन उंच स्टुलं आणली, तिथेच पर्यटकांसमोर गिटार वाजवणारा एक पोरगेलासा वादक धरला, ड्रमच्या जागी मातीचं घुमट वाजवणारा घुमटवाला घेतला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा भाड्याने ठरवला. कॅमेऱ्याला उजेड पुरेना म्हणून मेणबत्त्यांच्या मागे दोन मोठे हॅलोजन लावले.

"बिनविजेचा कार्यक्रम ना हा?" विनोदिनीने विचारलं.

"वाद्यं बिनविजेची, वयनी. दिवे नाहीत." शंभूला अशा प्रश्नांचा राग येत नसे, हीच त्याची चीड आणणारी गोष्ट होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो लाइन तपासायला तिच्या पडवीत आला. पडवीच्या भिंतीवर, मीटरच्या शेजारी, शंभूचा एक पत्र्याचा डबा होता. त्याच्या माडीवरून निघालेली वायर पहिली इथे यायची, डब्यात तिला जोर मिळायचा आणि मग ती माडांवरून, खांबांवरून वाड्यावरच्या, म्हणजे आसपासच्या वस्तीतल्या, घराघरात जायची. डब्याला करंट विनोदिनीच्या घरातला, बदल्यात तिचं कनेक्शन फुकट. पण तो फुकटेपणा तिला महागात पडायचा. कोणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की पहिली हाक तिला. गडगडलं म्हणून तिने बटन बंद केलं तर पाच मिनिटांत पडवीत पंचायत.

"उद्या बटनाला हात लावू नकोस हां, वयनी," शंभू म्हणाला. "रेकॉर्डिंग पण वाड्यावरच करतोय. माझ्या व्हीसीआरवर दुसऱ्या चॅनेलचा पिक्चर लावावा लागतो, नाहीतर गिऱ्हाइकं माझी मान धरतील. गोकुळदास मास्तरांच्या घरी कॅसेट देऊन ठेवलीय. आणि तू वर ये, पुढे बसायला जागा ठेवतो."

"मी येणार नाही," ती म्हणाली. "मला घरी कामं आहेत."

कामं कसली? तिला ते समोर बसून बघवलं नसतं, एवढंच.

रविवारी कृष्णनाथ चार वाजता निघाला. काळा कोट घातला नाही, पांढरा सदरा घातला, कारण परदेशी गायक म्हणे घरच्यासारखे कपडे घालतात. जाताना देवाला नमस्कार केला, तिला नाही विचारलं की येतेस का. तिनेही थर्मासात गरम पाणी भरून दिलं आणि पट्टीचं नाव काढलं नाही. वर्षभर बोलून तिची जीभ दमली होती.

पाच वाजता चित्र आलं. मधल्या स्टुलावर कृष्णनाथ, डावीकडे गिटारवाला, उजवीकडे घुमटवाला, मागे मेणबत्त्या. पंख्याने मेणबत्त्या विझतात म्हणून पंखे बंद, आणि हॅलोजनच्या उष्णतेने तिघेही घामाघूम. खाली चटईवर चाळीसेक माणसं. मधेच हायवेवरून ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा घुमटवाला ताल चुकला.

पहिलं गाणं सरळ होतं, निभावलं. दुसऱ्यात त्याने वरची जागा टाळली, ते फक्त तिला कळलं. तिसऱ्यात आवाज करवतीच्या पात्यासारखा खरखरला आणि चटईवरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विनोदिनी टीव्हीपासून हातभर अंतरावर उभी होती. बसायचं तिला सुचलं नव्हतं.

मग गिटारवाल्याने चौथं गाणं सुरू केलं. ते गाणं म्हणजे कृष्णनाथाचं हुकमी पान. त्याच्या शेवटच्या कडव्यात वरचा सा धरून ठेवायचा असतो, आणि प्रत्येक जत्रेत बरोबर त्या जागी शिट्ट्या पडतात. आज इको नव्हता. आणि पट्टी काळी चारच होती. या माणसाच्या हट्टाला काय म्हणावं ते तिला कळेना. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. त्याचा डावा हात उठून सदऱ्याच्या कॉलरपाशी गेला. न्हाणीचं दार उघडून बाहेर येताना त्याचा हात असाच गळ्यावर असायचा.

विनोदिनी पडवीत गेली आणि तिने डब्याचं बटन खाली केलं.

आत टीव्हीवर मुंग्या आल्या. सगळ्या वाड्यावर एकदम गलका झाला, मग खिडक्या उघडल्या. दोन मिनिटं झाली नसतील, शेजारची सुलोचना दारात. गोकुळदास मास्तरांची ही बायको, माहेर बांद्याचं, आवाज खणखणीत.

"गो विनोदिनी, आमच्या टीव्हीर नुसत्यो मुंग्यो! तुझ्याकडे दिसता काय?"

"नाही गो. करंट गेला असेल."

"करंट गेलो तर तुझो फॅन कसो फिरता?"

विनोदिनीने वर पाहिलं. पंखा गरागरा फिरत होता. "मग शंभूकडेच काहीतरी झालं असेल," ती म्हणाली आणि पडवीच्या दारात अशी उभी राहिली की डबा दिसू नये. मास्तर शंभूला फोन लावत होते, पण शंभूने गाण्यात घंटी नको म्हणून रिसीव्हर काढून ठेवला होता. त्या एका गोष्टीपुरते तिने शंभूचे आभार मानले.

अर्धा तास गेला. बटन परत वर करायची तिची छाती झाली नाही. वर केलं आणि नेमका तोच क्षण दिसला तर? माडीवर चाळीस माणसं होती हे तिला ठाऊक होतं, पण चाळीस माणसांचं तोंड धरता येतं, चौसष्ट घरांचं येत नाही. निदान घराघरात, बायकापोरांसमोर, संध्याकाळच्या चहावर तरी नवऱ्याची लाज गेली नाही. एवढं तरी तिने वाचवलं, असं ती स्वतःला बजावत राहिली.

सव्वासहाला कृष्णनाथ मागच्या वाटेने घरी आला. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि ती गोंधळली. सदरा घामाने भिजला होता, डोळे लाल होते, आणि माणूस हसत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर असा हसलेला तिने पाहिला नव्हता.

"फाटला," तो म्हणाला. आवाज बसला होता. "चौथ्या गाण्यात टराटरा फाटला. पाहिलंस ना? मला वाटलं, संपलं. माईक ठेवायचा म्हणून उठलो, तर माईकच कुठे होता हातात? स्टुलावरून उतरायला गेलो तर पाय खाली पोचेना. मग तसाच बसलो आणि म्हटलं, सांगूनच टाकूया. सांगितलं सगळं. गाठ, डॉक्टर, इको, सगळं. आणि त्या गिटारवाल्याला म्हटलं, उतरव पट्टी, काळी एक कर. पुढची सहा गाणी खाली गायलो, विनोदिनी. एकजण हलला नाही. म्हातारी माणसं रडत होती." तो खुर्चीत बसला. "आणि शेवटी तुला जे म्हटलं, ते ऐकलंस ना?"

ऐकलं, असं म्हणून टाकलं असतं तर चाललं असतं. दुसरी एखादी म्हणाली असती. पण वर्षभर एकाच माणसासाठी खोटं बोलून बोलून तिच्याकडचं सगळं खोटं सरलं होतं.

"नाही ऐकलं," ती म्हणाली. "चौथ्या गाण्यात मी डबा बंद केला."

हातातला थर्मास त्याने खाली ठेवला.

"तुमचा हात गळ्याकडे गेला. मला वाटलं, आता जातंय. मी कोणाला दिसू दिलं नाही."

"म्हणजे तूसुद्धा..."

"मीसुद्धा नाही."

हसू उतरायला वेळ लागला, पण ते उतरलं. "मी कॅमेऱ्याच्या त्या काचेकडे बघून बोलत होतो," तो हळू म्हणाला. "मला वाटलं, तू समोर आहेस."

ती काही बोलणार तेवढ्यात पडवीत पावलं वाजली. शंभू, सुलोचना, गोकुळदास मास्तर आणि मागे वाड्यावरची पंधरावीस माणसं. मास्तरांच्या हातात कॅसेट होती, तिच्यात साडेतीन गाणी आणि पुढे तासभर मुंग्या. शंभू सरळ डब्यापाशी गेला आणि वळला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात राग होता.

"वयनी, बटन खाली आहे. कोणी केलं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. सुलोचनेने पंख्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं. सांगायचं तरी काय? नवऱ्याचा गळा गेलाय म्हणून? माडीवरच्या चाळीस जणांना कळलं होतं, पण या घरांपासून तेच लपवायला तर हे सगळं केलं होतं.

कृष्णनाथ खुर्चीतून उठून पडवीत आला.

"मी सांगितलं होतं तिला," तो म्हणाला. आवाज इतका बसला होता की मागच्यांनी पुढे सरकून ऐकलं. "माझा आवाज फाटलाय. वर्ष झालं. जत्रांत तुम्ही जे ऐकत होता ते निम्मं मशीन होतं. मी म्हटलं होतं, फाटायला लागला की बंद कर. तिने केलं. तिला बोलू नका, जे काय बोलायचं ते मला बोला."

मास्तर कॅसेट उलटसुलट करत बसले. शेवटी सुलोचना म्हणाली, "घशाक मिठाच्या पाण्यान गुळण्यो कर रे बाबा," आणि माणसं एकेक करून गेली. शंभू जाताना बटन वर करून गेला. आत टीव्हीवर चित्र आपोआप आलं, कसलासा हाणामारीचा पिक्चर चालू होता.

"खोटं कशाला बोललात?" दार लावून विनोदिनीने विचारलं. तिचा आवाज रागाचा निघाला, पण तिला रडू येत होतं, आणि ते दोन्ही एकदम होत असल्याची तिला चीड आली. "एवढं झाकलं मी, आणि तुम्ही सगळ्या वाड्याला आपल्या तोंडाने सांगितलंत?"

"तुला ओरडत होते."

"मग ओरडू दे ना! मला काय गायचंय?"

तिने पाणी गरम करून मीठ घालून दिलं. त्याने गुळण्या केल्या.

"बरं, मग शेवटी मला काय म्हणालात ते तरी सांगा," ती म्हणाली.

"ते आता परत नाही यायचं," कृष्णनाथ म्हणाला. रागाने नाही, अगदी खरं सांगावं तसं. "चाळीस जणांनी ऐकलंय. त्यांना विचार."

आता बोला! नवऱ्याने आपल्याला काय म्हटलं ते गावभर विचारत फिरायचं, हेही तिच्या नशिबी आलं. सोमवारी ती गिटारवाला परत निघायच्या आत शंभूकडे गेली. गिटारवाला म्हणाला, त्यांनी तुमची माफी मागितली. घुमटवाला म्हणाला, माफी कसली, "तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही," असं म्हणाले. शंभूच्या बायकोने शपथेवर सांगितलं की त्यांनी शेवटचं गाणं तुझ्या नावाने गायलं. कॅमेरावाला म्हणाला, मी फोकस बघत होतो, शब्दांकडे लक्ष नव्हतं. शंभू त्या वेळी मेणबत्तीने पेटलेला पडदा विझवत होता. आठवडाभरात तिने आणखी अकरा जणांना विचारलं आणि अकरा तऱ्हा ऐकल्या, आणि प्रत्येकाने आपलीच खरी म्हणून सांगितली.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. बोलून झाल्यावर कृष्णनाथ लगेच गायला लागला नाही. तो कॅमेऱ्याकडे बघत बराच वेळ गप्प बसला होता, पलीकडून कोणीतरी उत्तर देईल म्हणून थांबल्यासारखा.